वाताचा डाग

मोठ्या मायच्या नावानं निखाऱ्यांवर तूप-घासाची आगारी पडली, वर्षश्राद्धाची पंगत बसली, आणि पहिला घास घ्यायच्या आत चिंधानं तोंड उघडलं. चिंधा जेवताना बोलला, एवढी बातमीसुद्धा या घराला आठवडाभर पुरली असती. पण तो जे बोलला ते ऐकून वाढायला उठलेली त्याची सून हर्षदा पोळ्यांची ताटली हातात धरून जागच्या जागी थांबली.

"सुपडू, आज बारडोलीले परत जाऊ नको. उद्या सैनिक कचेरीमा येनं शे तुले, मन्हासंगे."

"कसाले?" धाकट्या भावानं विचारलं.

"मी पदकना अर्ज करेल शे. लढाईमा जखमी व्हयेल जवानले देतस ना, ते."

सुपडू बारडोलीच्या साखर कारखान्यात फिटर. गळीत हंगाम चालू असताना हातापाया पडून एक दिवसाची रजा काढून आलेला. माणूस मोठा गमत्या. त्यानं आधी भावाकडे पाहिलं, मग पंगतीकडे, आणि म्हणाला, "भाऊ, आते वाताले बी पदक मियस का?"

झालं! सगळी पंगत खदखदली. चिंधाचा मुलगा कुंदन हसला, सुपडूची बायको इंदुबाई पदर तोंडाला लावून हसली, खुद्द चिंधाची बायको मंगलाबाईसुद्धा हसली. हसायचं कारण घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चिंधाच्या उजव्या कमरेखाली जळक्या कातडीचे तीन आडवे पट्टे होते. एकाहत्तरच्या लढाईनंतर तो रजेवर गावी आला तेव्हा त्याला धड चालता येत नव्हतं. वात भरला होता म्हणे. मग मोठ्या मायनं, म्हणजे त्याच्या आईनं, विळा तापवून त्याला डागलं आणि वात पळाला. तेव्हापासून घरात एक वाक्य चालत आलेलं: आमचा फौजी पाकिस्तानशी लढायला गेला आणि वात घेऊन आला. लग्नकार्यात, बारशात, कुठंही चार नातेवाईक जमले की कुणीतरी ते म्हणणारच. बहुतेक वेळा सुपडूच म्हणायचा.

चिंधा हसला नाही. हसणं थांबेपर्यंत तो ताटाकडे बघत बसला. मग म्हणाला, "वात नव्हताच तो."

आता आली का पंचाईत! श्राद्धाचं जेवण, पाहुणे ताटावर, आणि हा माणूस पंचवीस वर्षांचा वात एका वाक्यात काढून टाकतो.

"म्हणजे?" हर्षदानं विचारलं. या घरात तिला येऊन दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे जे प्रश्न बाकीच्यांनी कधी विचारले नाहीत ते तिला पटापट सुचायचे. "मग काय होतं बाबा?"

चिंधा भावाशी अहिराणीत बोलायचा, सुनेशी जरा जपून, शाळेतल्या मराठीत, आणि चिडला की फौजेतल्या हिंदीत. आत्ता तो मराठीत बोलला. "तोफेचा गोळा फुटला होता जवळ. त्याचा तुकडा घुसला. दवाखान्यात काढला, टाके घातले, आणि रजेवर पाठवलं."

"मग घरी वात का सांगितलात?"

"जखम सांगितली असती तर मायनं परत जाऊ दिलं असतं का मला?"

नसतंच दिलं. मोठ्या मायची चिंधाआधीची तीन पोरं गेलेली. चौथं जगावं म्हणून तिनं त्याला चिंध्यांत गुंडाळून शेजारणीकडून मूठभर ज्वारीला विकत घेतलं होतं आणि नावही चिंधाच ठेवलं होतं. तो फौजेत भरती झाला तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. अशा बाईला लेकानं सांगायचं, की माय, मला गोळा लागला?

"म्हटलं, थंडीनं वात भरलाय," चिंधा म्हणाला. "ती म्हणाली, हात्तिच्या, एवढंच ना! आणि विळा तापवायला घेतला."

इंदुबाईच्या तोंडातून "अग माय!" निघालं. हर्षदानं ताटली खाली ठेवली.

"ताज्या टाक्यांवर?"

"नाही तर काय. जिथं दुखतं तिथंच डागतात ना. मायला रात्रीचं धड दिसायचं नाही, टाके तिला कळलेच नाहीत."

मोठी माय गावात डागणीसाठी नावाजलेली होती. कुणाचं पोट दुखो, कुणाची मांडी आखडो, मायला बोलवा. आणि तिचा सगळ्यात मोठा इलाज म्हणजे तिचा स्वतःचा लेक. "चालता येत नव्हतं मन्हा चिंधाले, मी डागं, नि पोऱ्या पलटनमा परत गया," हे ती मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आली. त्या गोष्टीला चिंधानं एकदाही हरकत घेतली नाही. आई सांगायची आणि तो शेजारी बसून चहा प्यायचा.

"पण मग आत्ताच काय झालं?" कुंदन म्हणाला. तो इथंच कडोदऱ्यात कापडाच्या एका लूमखात्यावर मास्तर होता आणि कुठल्याही गोष्टीचा पहिला हिशेब फायद्याचा करायचा. गुजरात्यांत वाढलेला, त्यामुळे बोलणंही तसंच. "एमां फायदो शुं, बाबा? पेन्शन वाढणार? गॅसची एजन्सी मिळणार?"

"काही मिळणार नाही."

"तो पछी?"

चिंधानं वर बघितलं. उत्तर समोर भिंतीवर होतं. मोठ्या मायच्या फोटोला सकाळीच नवा हार घातलेला होता. हर्षदाला ते सगळ्यांच्या आधी कळलं. मायच्या देखत पदक मागितलं असतं तर मायला कळलं असतं, की तिनं लेकाचा वात घालवला नव्हता, लेकाची जखम जाळली होती. म्हणून हा माणूस आई जाईपर्यंत थांबला, आणि गेल्यावरही वर्ष पुरं होऊ दिलं.

*

स्वयंपाकघरात मंगलाबाई भांडी आपटत होती. घासत नव्हती, आपटत होती.

"तेल!" ती इंदुबाईला म्हणाली. "रोज झोपायच्या आधी तेल! लसूण जाळून, ओवा जाळून, या हातांनी चोळलं मी. कुंदन पोटात होता तेव्हाही चोळलं. आणि वात नव्हताच म्हणे!"

"जाऊ द्या जाऊबाई."

"कशी जाऊ देऊ? वांगं वातूळ म्हणून यांच्या पानात वांगं वाढलं नाही मी. खान्देशातला माणूस, आणि पंचवीस हिवाळे भरीत नाही! शेजारी भरीत भाजायचं, वास घरात यायचा, आणि हे मुकाट्यानं मुगाचं वरण खायचे. मला वाटायचं, काय शहाणा माणूस आहे, पथ्य पाळतो." तिनं तवा आपटला. "मला तर सांगायचं होतं. मी काय त्यांच्या मायला जाऊन सांगणार होते?"

इंदुबाईनं तोंडावर सांगितलं नाही, पण तिला वाटलं, हो, तुम्ही सांगितलं असतं. सासूशी एकदा भांडण झालं असतं आणि तुम्ही हेच पहिलं तोंडावर फेकलं असतं. मंगलाबाईलाही बहुधा तेच सुचलं असावं, कारण ती एकाएकी खरोखरच भांडी घासायला लागली.

हर्षदा पाणी प्यायच्या निमित्तानं आत आली. "आई, तुम्ही त्यांच्यावर चिडलात?"

"चिडू नको तर ओवाळू?"

"पण पदक मिळावं असं वाटतं ना तुम्हाला?"

मंगलाबाईनं कढई पालथी घातली. "आधी ते मिळू दे. मग मी बघते त्यांच्याकडे," ती म्हणाली. हर्षदा ओळखून होती, सासूबाई सासऱ्यांच्या बाजूला गेल्या होत्या. आता कुणी विरोधात बोललं तर त्याची खैर नव्हती.

विरोधात बोलणारा बाहेर तयारच होता.

*

"मी येवाव नही," सुपडूनं सांगितलं.

दोघं भाऊ घरामागच्या बाजेवर बसले होते. पलीकडच्या खात्यातून लूमचा खडखडाट येत होता, तेव्हा जरा मोठ्यानंच बोलावं लागत होतं. कुंदन दारात टेकून ऐकत होता. हर्षदानं त्याला मुद्दाम पाठवलं होतं, की दोघं भांडले तर मधे पड. मधे पडण्यापेक्षा काय चाललंय ते ऐकायची हौसच त्याला जास्त होती.

चिंधानं सगळं समजावून सांगितलं. कचेरीतले निवृत्त कॅप्टनसाहेब डॉक्टर होते. त्यांनी त्याची कमर पाहिली आणि म्हणाले, मी गोळ्यांच्या जखमा आयुष्यभर पाहिल्या, ही तर गावठी डागणी आहे. खालची जखम डागणीनं पुसून टाकली होती. तुकडा दवाखान्यातच काढलेला, त्यामुळे एक्सरेचा फोटो काढला तरी आत काही दिसायचं नाही. पलटणीचे जुने कागद शोधायला वेळ लागणार होता, आणि तोवर अर्ज पुढं सरकायचा तर डागायच्या आधी जखम पाहिलेला माणूस पाहिजे होता. "माय गयी," चिंधा म्हणाला. "आते तूच शे. मन्हा पाय तूच धरेल व्हता ना."

सुपडू तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. मायनं हाक मारली, ये रे, भाऊचे पाय धर, तो हलला तर विळा भलतीकडे लागेल. आणि त्यानं धरले होते.

"माले काहीच दिखनं नही," सुपडू म्हणाला.

"कंदील तुन्हा हातजोडेच व्हता."

"सांगं ना, नही दिखनं!"

चिंधा मग मराठीत बोलला, बहुतेक कुंदनला समजावं म्हणून, किंवा भावाशी परक्यासारखं बोलावं असं वाटलं म्हणून. "ठीक आहे. मला वाटलंच होतं तुला दिसलं नसेल. दिसलं असतं तर एवढी वर्षं चारचौघांत मला वातवाला फौजी म्हणाला नसतास."

हे मात्र सुपडूला लागलं. तो बाजेवरून उठला, दोन पावलं गेला आणि परत आला.

"दिखनं व्हतं माले!" तो जवळजवळ ओरडलाच. "टाका दिखनात! काया दोरास्ना टाका. वातले काय टाका घालतस का? मी काय इतका येडा व्हतू?"

"मंग बोलना काबर नही?"

"तूच मान हलाई ना भाऊ! मी तोंड उघाडं, नि तू मन्हाकडे देखीसन मान हलाई. नको म्हणीसन."

चिंधाला हे आठवत नव्हतं. विळा लाल होऊन जवळ येत असताना कुणाकडे पाहिलं, मान हलवली की नाही, माणसाला कुठलं आठवायला. पण सुपडूच्या ते डोळ्यांसमोर होतं. मोठ्या भावानं सांगितलं बोलू नको, म्हणून तो बोलला नव्हता. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

"आणि ते वातवाला फौजी?" दारातून कुंदननं विचारलं. त्याला राहवलं नाही.

सुपडूनं पुतण्याकडे पाहिलं. पुतण्याशी तोही मराठीत बोलायचा. "अरे, गावातला जो तो विचारायचा, लढाईत होता ना चिंधा, काही लागलं का? मायसमोर विचारायचे. भाऊला खोटं बोलता येत नाही, त्याचा चेहरा पडायचा. मग मी म्हणायचो, लागलं ना, वात लागला! लोक हसायचे आणि विषय संपायचा. पुढं सवयच झाली. पुढं पुढं तर मला वाटायचं, हे मी कशासाठी सुरू केलं ते भाऊला ठाऊक असेल."

लहानपणापासून कुंदनही बापाला त्याच नावानं चिडवत आला होता. आज ते नाव त्याला नकोसं झालं.

चिंधानं भावाचा हात धरून त्याला बाजेवर बसवलं. "मंग ये ना उद्या," तो म्हणाला. "दिखनं ते सांग. बस."

"आणि साहेबानं विचारलं, डागलं कोणी, तर?" सुपडू अजून मराठीतच बोलत होता, आवाज मात्र खाली आला. "मायचं नाव सांगू? आज तिचं वर्षश्राद्ध घातलं, आणि उद्या सरकारी माणसासमोर सांगू, की आमच्या मायनं लेकाची जखम जाळली? तो लिहून घेईल. दिल्लीला जाईल. तू तिच्यासाठी पंचवीस वर्षं तोंड दाबून बसलास, आणि आता तिचंच नाव द्यायला मला नेतोस?"

आणि हे खरं होतं. यात चिंधाचं चुकत होतं असंही नाही आणि सुपडूचं चुकत होतं असंही नाही. दारात उभ्या असलेल्या कुंदनला पहिल्यांदाच असं झालं, की फायदा कुणाचा आणि तोटा कुणाचा ते मांडता येईना.

"तुले पदक काबर जोयजे, भाऊ?" सुपडूनं विचारलं. एवढ्या वेळात हे कुणी नीट विचारलंच नव्हतं.

चिंधा कुंदनकडे बघत मराठीत म्हणाला, "माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं एकच घडलं, सुपडू. बाकी काय, गाव सोडून इथं एका खात्याच्या फाटकावर वॉचमन होतो आणि आता घरी बसतो. ते एक घडलं, आणि त्यालाही सगळे वात म्हणतात. मेल्यावर माझ्या नावानं आगारी टाकताना हा कुंदन काय म्हणेल? वातवाला होता?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. सुपडूनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. संध्याकाळची बारडोलीची बस मात्र त्यानं जाऊ दिली.

*

कचेरीत कॅप्टनसाहेबांच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. चिंधा बसला नाही. साहेबासमोर बसायची सवय त्याला अजून लागली नव्हती, मग कुंदन आणि सुपडूही उभेच राहिले. सुपडू काय सांगणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चिंधानं विचारलं नव्हतं आणि कुंदनला विचारायची हिंमत झाली नव्हती.

साहेबांनी आधी नाव, मग नातं विचारलं. ते हिंदीत बोलायचे, पण त्यांना मराठी समजायचं.

"आपने घाव देखा था? दागने से पहले?"

"हो साहेब," सुपडू म्हणाला. "इथून इथपर्यंत." त्यानं स्वतःच्या कमरेवर बोट फिरवलं. "वीतभर. काळ्या दोऱ्याचे टाके. कडेला सूज होती आणि एका टोकातून पाणी येत होतं. वात नव्हता, साहेब. लागलेलं होतं."

साहेबांनी मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. टाक्यांच्या टोकातून पाणी येत होतं, हे मनातून रचून सांगायची गोष्ट नव्हती. ते लिहायला लागले. आणि मग व्हायचं तेच झालं.

"और दागा किसने?"

कुंदनला बापाचा चेहरा दिसला. चिंधा तोंड उघडणार होता. बहुधा तो म्हणणार होता, राहू द्या साहेब, मला पदक नको. सुपडूनं त्याला बोलू दिलं नाही.

"मी," सुपडू म्हणाला.

"तुमने?"

"हो साहेब. विळा तापवून. अडाणी होतो, कळलं नाही. मला वाटलं बरं होईल."

साहेब उठलेच. आधीच तापट माणूस, त्यात डॉक्टर. सूज असलेल्या टाक्यांवर लोखंड ठेवणारा माणूस समोर सापडल्यावर काय सोडणार! जाहिल म्हणाले, कसाई म्हणाले, अरे सेप्टिक होऊन भाऊ मेला असता, म्हणाले. त्यांचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. सुपडू हात जोडून, मान खाली घालून सगळं ऐकत होता. लग्नाच्या मांडवात ज्याच्या थट्टेला सगळे घाबरायचे तो माणूस अंगावर आलेला एक एक शब्द मुकाट्यानं घेत होता. चिंधा एकदम पुढं झाला आणि फौजी हिंदीत म्हणाला, "बस, साब. मेरे भाई को कुछ मत बोलिए." साहेब थांबले, पुन्हा बसले आणि राहिलेलं लिहून काढलं. अर्ज पुढं जाईल, वेळ लागेल, म्हणाले.

तिघं बाहेर आले. कुंदन रसाच्या गाडीकडे गेला, त्याला दोघांपासून जरा लांब जायचं होतं. दोघं भाऊ भिंतीच्या सावलीत उभे राहिले.

"खोटं काबर बोलना?" चिंधानं विचारलं.

"साहेबले काय फरक पडस? तुन्हं काम व्हयनं ना?"

चिंधा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"माय ऱ्हाती ते आज तुले झोडती," तो म्हणाला.

"काबर?"

"डाग तिनी दिधा, नि नाव तू लई लिधं!"

सुपडूला आधी हसू आलं आणि मग रडू. भररस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तो मोठ्या भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून दोन्ही करत राहिला, आणि चिंधा त्याची पाठ थोपटत म्हणाला, "आते हसाडू नको रे, मन्ही कंबर दुखस."